एकाच मिश्रणाची तीन राने

लांजा तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीचा जो तुकडा माझ्या आणि चुलतभावाच्या वाट्याला आला, तो खालून वर पाहिला तर तीन पायऱ्यांच्या जिन्यासारखा दिसतो. तळाशी वहाळाकाठचा मळा, त्याच्यावर पूर्वी नाचणी-वरी पिकत असे तो वरकस उतार आणि माथ्यावर जांभ्या कातळाचा सडा. भातशेती माझ्या वडिलांच्या हयातीतच थांबली होती. नोकरीतून मोकळा झालो तेव्हा या जमिनीत झाडे लावावीत असे आम्ही दोघांनी ठरवले. कलमांची निगा राखायला गावात पुरेशी माणसे उरली नव्हती, आणि नुसता साग लावून मोकळे व्हावे हेही मनाला पटत नव्हते. मिश्र लागवडीविषयी बरेच वाचले होते आणि त्यातून एक सोयीस्कर समजूत करून घेतली होती की, निरनिराळी झाडे एकत्र लावली म्हणजे ती एकमेकांना सांभाळून घेतात. ही समजूत तिन्ही पायऱ्यांवर वेगवेगळ्या रीतीने तपासली गेली. ते कसे घडले, हे बारा वर्षांच्या वहीच्या आधाराने लिहितो आहे.

लागवड जून २०१२ मध्ये केली. साग, शिवण, ऐन आणि करंज या चार जाती समान प्रमाणात घेतल्या आणि अडीच मीटर बाय अडीच मीटर अंतराने अशा मांडल्या की कोणत्याही झाडाचा लगतचा शेजारी त्याच्याच जातीचा नसावा. साग लाकडासाठी, शिवण लवकर वाढते म्हणून, ऐन मूळचाच आमच्या रानातला म्हणून, आणि करंज घेतला तो त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात म्हणून. शेंगा धरणारे प्रत्येक झाड हे काम करत नाही; बहावा आणि आपटा शेंगावर्गातलेच असले तरी त्यांच्या मुळांवर गाठी नसतात. ही गोष्ट वेळीच कळल्यामुळे यादीतला बहावा खोडला, नाहीतर शोभेपलीकडे त्याचा उपयोग झाला नसता. या अंतराने गुंठ्याला सोळा रोपे बसतात. मळा बारा गुंठे, उतार चाळीस आणि सड्यावरचे तीस गुंठे, असे मिळून तेराशेच्या आसपास रोपे लागली. वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांच्या आग्रहावरून प्रत्येक पायरीवर चार गुंठ्यांचा निव्वळ सागाचा तुकडाही वेगळा राखला. "तुलनेला काही नसेल, तर दहा वर्षांनी तुम्ही झाडे नव्हे, तुमच्या आठवणी मोजाल," असे ते म्हणाले होते. त्यांचा तो आग्रह मोडला नाही, म्हणून आज लिहिण्यासारखे काही हाती आहे.

लागवडीआधी मातीचे नमुने तपासून घेतले. तिन्ही ठिकाणची माती आम्लधर्मी निघाली आणि जांभ्या जमिनीत होते त्याप्रमाणे स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधला गेलेला होता. म्हणजे कागदावर तिन्ही जमिनी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. त्यांच्यातला खरा फरक पहारीने दाखवला. मळ्यात पहार मूठ राहीपर्यंत आत गेली, उतारावर गुडघा ते कंबर एवढ्या खोलीवर अडली आणि सड्यावर वीतभर गेली न गेली तोच खणकन वाजली. आमचे थोरले काका बांधावर बसून हे पाहत होते. "सड्यावर साग? अरे, तो तिथे काय उभा राहतोय!" एवढेच बोलून त्यांनी पान जुळवायला घेतले. मळ्यात आणि उतारावर दीड फुटाचे खड्डे नीट निघाले. सड्यावर जिथे कातळाला भेग होती किंवा खोलगटात माती साठली होती तिथेच जागा मिळाली, त्यामुळे अडीच मीटरची शिस्त तिथे नावापुरतीच राहिली. सागाच्या जडी, म्हणजे शेंडा छाटलेली मूळ-खोडाची खुंटे, पहारीने भोक पाडून लावल्या आणि बाकीची रोपे पिशवीतली होती.

पहिल्या दोन वर्षांत मुख्य प्रश्न जगण्याचा होता, आणि सड्याने जे शिकवले ते मला अपेक्षित नव्हते. कोरडी जमीन म्हणून तिथे उन्हाळ्यात मर होईल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात निम्मी मर जुलै-ऑगस्टमध्येच झाली. कातळाखाली पाणी मुरत नाही, त्यामुळे मुसळधार पावसात प्रत्येक खड्डा म्हणजे पाण्याने भरलेले भांडे झाले आणि पाणी साचलेले सागाला मुळीच सोसत नाही. जे बुडून मेले नाहीत ते नोव्हेंबरपासून तहानेने मरू लागले, कारण तीच वीतभर माती दिवाळीनंतर भाजलेल्या कौलासारखी कोरडी होते. एकाच जागी पाणथळ आणि अवर्षण, दोन्ही चार महिन्यांच्या अंतराने. दोन वर्षांनी मोजले तेव्हा मळ्यात दहापैकी नऊ रोपे उभी होती, उतारावर चारांपैकी तीन आणि सड्यावर दहापैकी जेमतेम चार. मळ्यातही वहाळाला लागून असलेली सागाची एक ओळ पिवळी पडून गेली. तिथे नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावताना, अर्जुन आणि जांभूळ लावले, ते आजही उत्तम आहेत.

त्यातच फेब्रुवारी २०१४ मध्ये सड्यावरून वणवा उतरला. गवत सुकलेले होते आणि जाळरेषा काढायचे आम्ही आळसाने पुढे ढकलले होते, त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नाही. साग, ऐन आणि करंज पावसाळ्यात बुंध्यातून पुन्हा फुटले. शिवणीची बरीच रोपे मात्र कायमची गेली. जी वाचली त्यांचे शेंडे मोकाट गुरांनी खुडले, कारण शिवणीचा पाला त्यांना फार आवडतो, आणि सागाच्या खरबरीत पानांना ती सहसा तोंड लावत नाहीत. तेव्हापासून दरवर्षी डिसेंबरात तीन मीटर रुंदीची पट्टी साफ करतो.

मोजणी २०१५ पासून नियमित सुरू झाली. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवर, गेरूची रेघ मारायची आणि दर डिसेंबरात त्याच रेघेवर टेप लावून घेर घ्यायचा, असा क्रम. टेप मी धरायचा आणि आकडे भावाने लिहायचे, हे कधी बदलले नाही, कारण दोन माणसांच्या हाताच्या ओढीत सेंटीमीटरभर फरक सहज पडतो. खोडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ काढायला घेराचा वर्ग करून त्याला १२.५७ ने भागले की पुरते. उंचीसाठी हाताइतक्याच लांबीची काठी डोळ्यासमोर उभी धरून तिच्या दोन टोकांत झाड बसेपर्यंत मागे सरकायचे आणि मग बुंध्यापर्यंतचे अंतर मोजायचे. ही जुनी पद्धत सपाट मळ्यावर चोख चालते, उतारावर मात्र हमखास फसवते.

डिसेंबर २०१९ च्या मोजणीचे पान वहीत सर्वांत जास्त खाडाखोडीचे आहे, कारण आकडे मला खरे वाटेनात आणि आम्ही ती मोजणी आठवडाभराने पुन्हा केली. मळ्यात निव्वळ सागाच्या तुकड्यातील सागाचा सरासरी घेर ४७ सेंटीमीटर होता, तर मिश्र तुकड्यातील सागाचा ३८. म्हणजे सर्वांत चांगल्या जमिनीत शेजाऱ्यांनी सागाला मदत केली नव्हती, उलट त्याचे नुकसान केले होते. कारण डोक्यावरच दिसत होते. तिथल्या शिवणीचा घेर ८० सेंटीमीटरला पोचला होता आणि तिच्या फांद्यांनी आकाश व्यापले होते. साग उजेडाचा हट्टी. तो सावलीत थांबत नाही, उजेडाच्या दिशेने वाकतो. ऐन आणि करंज तर २५ सेंटीमीटरच्याही आत अडकले होते. मी चारही जातींचे छेद एकत्र करून गुंठ्यामागे बेरीज मांडली, तेव्हा मिश्र तुकडा आणि निव्वळ सागाचा तुकडा जवळजवळ बरोबरीत निघाले. मळ्याने जेवढे द्यायचे तेवढेच दिले होते, फक्त ते शिवणीच्या पानात जास्त वाढले गेले.

उतारावर चित्र उलटे होते. तिथे मिश्र तुकड्यातील साग ३४ आणि निव्वळ तुकड्यातील ३१ सेंटीमीटर. फरक लहान आहे आणि एकट्या सागावर मी तो कदाचित सोडूनही दिला असता, पण त्याच तुकड्यात शिवण ४६, ऐन ३० आणि करंज २६ वर होते, म्हणजे कोणी कोणाला दाबलेले नव्हते. एकूण छेदांची बेरीज निव्वळ सागाच्या सव्वापटीहून थोडी अधिक भरली. सड्यावर आकडेच लहान: मिश्र तुकड्यातील साग १६ आणि निव्वळ तुकड्यातील ११ सेंटीमीटर, तोही जे थोडे जगले त्यांचा.

असे का व्हावे, याचा विचार पुढचे वर्षभर चालला होता. मळ्यात पाणी आणि अन्न यांची टंचाईच नाही; तिथे टंचाई एकाच गोष्टीची, उजेडाची, आणि उजेडाच्या शर्यतीत जो पहिल्या तीन-चार वर्षांत पुढे जातो तो सगळा माल घेतो. शिवणीचा स्वभाव नेमका तोच आहे. उतारावर शिवणीला तेवढा जोर मिळत नाही, त्यामुळे तिची सावली दाबून टाकण्याइतकी दाट होत नाही. तिथे सगळ्यांना कमी पडतो तो नत्र आणि ओल, आणि या बाबतीत शेजाऱ्याचा उपयोग होतो. करंजाचा पाला पहिल्या पावसात काळा पडून मातीत मिसळताना दिसतो. निव्वळ सागाच्या तुकड्यात याच्या उलट. सागाच्या थाळ्याएवढ्या पानांवर पाणी साठते आणि मोठमोठ्या थेंबांनी खाली उघड्या मातीवर आदळते. उतारावरच्या त्या तुकड्यातून दर पावसाळ्यात तांबडे पाणी वाहून जाताना मी पाहिले आहे, आणि तिथल्या मुळ्या बोटभर उघड्या पडल्या आहेत. मिश्र तुकड्याखालून निघणारे पाणी बरेच निवळ असते.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. माझ्याकडे प्रत्येक पायरीवर प्रत्येक प्रकारचा एकेकच तुकडा आहे. उतारावरचा निव्वळ सागाचा तुकडा पायवाटेला लागून आहे आणि तिथली माती आधीपासूनच थोडी उथळ असणे शक्य आहे. शास्त्रीय प्रयोगात असे तुकडे अनेक ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून, पुन्हा पुन्हा मांडतात. माझी नोंद ही एका शेतकऱ्याची नोंद आहे, आणि तिला तेवढेच वजन द्यावे.

जमिनीची प्रत ठरवण्याची वनशास्त्रातली रीत मला याच काळात नीट कळली. झाडाची जाडी किती दाटीने लागवड केली यावर फार अवलंबून असते. त्या मानाने तुकड्यातील सर्वांत उंच झाडांची उंची दाटीने कमी बिघडते. म्हणून ठरावीक वयाला उंच झाडे किती वाढतात यावरून जमिनीची प्रत काढतात, आणि भारतातील सागासाठी ५० वर्षे हे वय धरून तक्ते केलेले आहेत. पण हीच फूटपट्टी मिश्र रानात लावली की ती खोटे बोलू लागते. मळ्यातला साग शिवणीखाली दबलेला असल्यामुळे त्याच्या उंचीवरून कोणी मळ्याची प्रत ठरवली असती, तर त्याने आमच्या सर्वांत चांगल्या जमिनीला मध्यम म्हटले असते. जमीन कशी आहे हे शेवटी त्या चार गुंठ्यांच्या निव्वळ सागानेच प्रामाणिकपणे सांगितले. मिश्र लागवड करणाऱ्याने निव्वळ लागवडीचा एक तुकडा का राखावा, याचे हे कारण मला इतर सर्व कारणांपेक्षा मोठे वाटते.

मधे एकदा केरळात निलंबूरला जाण्याचा योग आला होता. मलबारचे कलेक्टर कोनोली आणि त्यांचे सहायक चाथू मेनन यांनी १८४० च्या दशकात तिथे सागाची लागवड सुरू केली, आणि तिचा राखून ठेवलेला एक भाग चालियार नदीच्या काठी आजही उभा आहे. ती झाडे पाहताना मान मागे टाकावी लागते. निव्वळ सागाची लागवड म्हणजे चूकच, असे तोवर मी सरसकट म्हणत असे. नदीच्या गाळाच्या त्या खोल, निचऱ्याच्या जमिनीत साग शेजाऱ्यावाचूनही किती मोठा होऊ शकतो, हे पाहिल्यावर ते बोलणे बंद केले. आमच्या मळ्याचे आकडे त्या दृश्याशी जुळणारे आहेत, इतकेच म्हणतो.

मळ्यातली शिवण विरळ करायला हवी होती, हे २०१९ च्या आकड्यांनी ओरडून सांगितले. खरे तर ते चौथ्या-पाचव्या वर्षीच करायला हवे होते, पण आपण लावलेले आणि सर्वांत जोमाने वाढणारे झाड तोडायला हात धजत नाही. त्याशिवाय कागदपत्रांचा भाग होता. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाडांना, आणि त्यांत साग व ऐन आहेत, स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आमच्या सातबाऱ्यावर झाडांची नोंदच झालेली नव्हती. ती करून घेण्यात एका कार्यालयाच्या इतक्या फेऱ्या झाल्या की तिथला चहावाला मला विचारल्यावाचून बिनसाखरेचा कप देऊ लागला. अखेर २०२० च्या हिवाळ्यात निम्म्या शिवणी काढल्या.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांत, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. मळ्यातला दबलेला साग सावलीत उंच आणि सडपातळ झाला होता. इतकी वर्षे शिवणींच्या आधाराने उभा राहिलेला तो साग एकाएकी उघड्यावर आला आणि वाऱ्याला बळी पडला. सतरा साग वाकले, सहा मोडले. निव्वळ सागाच्या तुकड्यात एकच पडला, आणि उतारावर फांद्यांपलीकडे नुकसान नव्हते. मिश्रणात चूक नव्हती, चूक उशिरा केलेल्या विरळणीची होती; पण चांगल्या जमिनीत वेगाने वाढणारी जात घातली की विरळणीची वेळ किती लवकर येते, हे लावताना कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

आता सड्याविषयी. तिथे मी लावलेल्या झाडांपेक्षा मी न लावलेली झाडे आज अधिक आहेत. गुरे आणि वणवा थांबल्यावर किंजळ, आवळा, कुंभा आपोआप वर आले, त्यातले बरेच करवंदीच्या जाळीतून. काटेरी जाळीत गुरांचे तोंड पोचत नाही, दुपारचे ऊन थेट लागत नाही आणि गळलेल्या पाल्याने चार बोटे माती तयार होते. माझ्या सागांपैकीही जे आज तिथे बरे आहेत ते करवंदीच्या आडोशाचे आहेत. आखणीत आड येतात म्हणून काही जाळ्या मी २०१२ मध्ये मजुरी देऊन तोडून घेतल्या होत्या, ही गोष्ट काका अजून पाहुण्यांना सांगतात. कमी प्रतीच्या जमिनीत मिश्रण उपयोगी पडले हे खरे, पण मी मांडलेले मिश्रण नव्हे. तिथे सागाचा जोडीदार शिवण नसून करवंद निघाला. आमच्याकडे जांभा नावाचे एक झाडही आहे, दगडाचे आणि त्याचे नाव एकच, आणि ते जांभ्या जमिनीत सागापेक्षा कितीतरी बरे निभावते. नावातच सल्ला लिहिलेला असताना आम्ही तो वाचला नाही.

सड्याचा जो भाग अगदी उघडा कातळ आहे, तिथल्या मेलेल्या रोपांच्या जागी मात्र आम्ही पुन्हा काही लावले नाही. पावसाळ्यात त्या बोटभर मातीवर जी रानफुले येतात ती सावलीत येणार नाहीत, आणि झाड नाही म्हणून जमीन ओसाड आहे असे समजणे ही आमची पहिल्या वर्षीची दुसरी चूक होती. खड्ड्यांसाठी फोडलेले दगड तिथून उचलून गडग्याला लावले.

गेल्या डिसेंबरात बाराव्या वर्षाची मोजणी झाली. विरळणीनंतर मळ्यातील उभे राहिलेले साग पुन्हा भरत चालले आहेत; सरासरी घेर ५६ सेंटीमीटरवर आला आहे, निव्वळ तुकड्याच्या अजून मागेच. वादळाने पडलेल्या जागांत पुन्हा साग लावावा असे माझे मत होते, भावाचे मत जायफळाचे. तिथे दुपारी विरळ सावली असते, वहाळाचे पाणी हाताशी आहे आणि आजूबाजूला शिवणीचा पाला भरपूर पडतो, असे त्याचे म्हणणे. गेल्या जूनमध्ये बारा जायफळे लावली. उतारावर एका ओळीआड एक करंज छाटून त्याचा पाला सागाच्या आळ्यात टाकायला सुरुवात केली आहे, आणि सड्यावर करवंदीच्या अकरा जाळ्यांत जांभ्याचे बी टोकले आहे. त्यातले चार रुजले आहेत. त्यांना मी गेरू लावलेला नाही, कारण अजून त्यांची उंची माझ्या चपलेएवढीही नाही.